तेरुएलच्या पाइनच्या जंगलात ग्रॅव्हल सायकल: कसं जायचं, काय न्यायचं आणि कुठे उपाशी राहायचं नाही

स्पेनमधल्या वॅलेन्सियात मी राहतो तिथून पाच मिनिटांवर एक नदी आहे जिच्यात पाणीच नाहीये. तुरिया. १९५७ च्या पुरानंतर तिला शहराबाहेरून वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली, आता तिथे लोक धावतात, फुटबॉल खेळतात, मी त्याच पात्रातून रोज सायकलने ऑफिसला जातो. एका रविवारी सहज म्हणून नकाशावर ही नदी येते कुठून ते बघत वर वर सरकत गेलो, तर तेरुएल शहराच्या वर तिचं नावच बदलतं, ग्वादालाविआर होतं, आणि ती रेघ जाते थेट डोंगरात १५००-१६०० मीटरवर, सगळीकडे हिरवं आणि त्या हिरव्यात गावं म्हणजे चुकून सांडलेले चार तांदळाचे दाणे. तिथे सायकलने जायचं हे त्याच दिवशी ठरलं. आत्तापर्यंत पाचदा गेलोय, दोनदा नीट फसलोय, आणि पुण्याहून नाशिकहून येणारे मित्र तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी जागा कशी आहे ते डोक्यात बसवा, कारण बाकी सगळं प्लॅनिंग त्यावर आहे. तेरुएल जिल्हा (ते प्रॉव्हिन्स म्हणतात) साधारण १४,८०० चौरस किमी, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढा. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं होती. तेरुएलमधे सगळी मिळून सव्वा-दीड लाख. त्यातली ३५ हजार तर एकट्या तेरुएल शहरात. उरलेली कुठेकुठे विखुरलेली, बरीचशी म्हातारी. "तेरुएल एक्सिस्ते" म्हणजे "तेरुएल अस्तित्वात आहे" नावाची चळवळ १९९९ मधे निघाली, कारण धड रेल्वे नाही, धड रस्ते नाहीत, सरकारला आम्ही दिसतच नाही अशी लोकांची तक्रार, आणि २०१९ मधे त्यांचा एक खासदार निवडूनही आला. सायकलवाल्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की ट्रॅफिक शून्य, शांतता भरपूर, आणि दुकान बंद असेल तर पुढचं दुकान २५ किमीवर, मधे घाट.

नावांबद्दल एक छोटी गोष्ट. स्पॅनिशमधे जे (J) या अक्षराचा उच्चार ख आणि सी (C) चा कधीकधी थ, म्हणून नकाशावर जे दिसतं ते तसं बोललं तर कोणालाच कळत नाही. अल्बाराथिन म्हणा, ताखो म्हणा. आपल्याला ख आणि थ दोन्ही फुकट येतात त्यामुळे आपले उच्चार पहिल्याच दिवसापासून इंग्रजांपेक्षा बरे.

कधी जायचं

मे शेवट ते जून, नाहीतर सप्टेंबर मध्य ते ऑक्टोबर मध्य. बाकीचे महिने का नको ते सांगतो. हिवाळ्यात हा स्पेनमधल्या सगळ्यात थंड पट्ट्यांपैकी एक असतो, तेरुएलच्या उत्तरेला कालामोचाजवळ डिसेंबर १९६३ मधे उणे ३० नोंदलंय, चुकून छापलेलं नाही, उणे ३०. एप्रिलमधेही वरच्या जंगलात सावलीच्या बाजूला बर्फ असतो आणि तो वितळून खालची लाल माती अशी होते की टायर आणि फ्रेममधली जागा भरून चाक फिरायचंच थांबतं. तेरुएलची ओली लाल माती ही वेगळीच चीज आहे, पावसानंतर एक दिवस सरळ डांबरी रस्त्याने जा, अहंकार बाजूला ठेवा. जुलै-ऑगस्टमधे खाली ३५ च्या वर, वर जंगलात बरं असतं पण दुपारी ढग जमून विजा पडतात आणि आगीचा धोका असतो (त्यावर पुढे येतो), शिवाय ऑगस्टमधे शहरात गेलेली सगळी माणसं गावच्या जत्रेला परत येतात त्यामुळे एरवी रिकाम्या असलेल्या गावात खोली मिळत नाही. आपल्याकडे गणपतीत कोकणात जसं होतं अगदी तसंच.

माझं मत विचाराल तर सप्टेंबर शेवट. हरणांचा माजाचा काळ असतो तो, संध्याकाळी जंगलातून नर हरणांचा आवाज येतो, त्याला बेर्रेआ म्हणतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं कोणाचा ट्रॅक्टर चिखलात अडकलाय.

सायकल

ग्रॅव्हल बाइकच (रोडबाइकसारखं वाकडं हँडल, पण खडीसाठी रुंद टायर) हवी असं नाही, हार्डटेल एमटीबीवरही (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) मजेत होतं, पण रोडबाइकवर नको. इथले जंगलातले रस्ते म्हणजे वनखात्याच्या पिस्ता, रुंद, खडी-मुरमाच्या, बहुतेक ठिकाणी जीप जाईल अशा. त्यामुळे ग्रॅव्हल बाइक या जागेसाठीच बनवल्यासारखी वाटते. टायर ४५ मिमी तरी घ्या, ५० बसत असेल तर ५०. ४० वर मी पहिली ट्रिप केली, होते, पण हाताचं भरीत होतं. ट्यूबलेस आणि आत ताजं सीलंट (छोटी भोकं आपोआप बुजवणारा द्रव), कारण चुनखडीचे धारदार तुकडे आणि काटेरी झुडपं दोन्ही आहेत. हवा ७० किलोच्या माणसाने थोडं सामान धरून ३० पीएसआयच्या आसपास ठेवावी, पुढच्या चाकात दोन कमी. आपल्याकडे लोकांना ६० पीएसआय भरायची सवय असते, त्याने सायकल खडीवर नुसती उडते आणि वेग वाढतो असं वाटतं पण वाढत नाही.

गिअर हलके पाहिजेत. पुढे ४० आणि मागे ४२ असेल तर रिकामी सायकल चढेल, बॅगा लावल्या की रडाल. पुढचं दातेरी चाक मागच्या सगळ्यात मोठ्या चाकापेक्षा बरंच लहान असलं पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

भारतातून येत असाल तर सायकल आणू नका, वॅलेन्सियात भाड्याने ग्रॅव्हल बाइक मिळते, फक्त स्वतःचे पेडल आणि जमलं तर सीट आणा. आणि भाड्याची सायकल हातात आली की आधी ब्रेक दाबून बघा. आपल्याकडे बऱ्याच सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, इथे पुढचा ब्रेक डाव्या हाताला. माझा एक मित्र पहिल्याच उतारावर याच्यामुळे हँडलवरून पुढे गेला, सुदैवाने पाइनच्या सुयांच्या गादीवर पडला. आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं हे डांबरी रस्त्यावर आठवतं पण जंगलात एकटे असताना विसरायला होतं, मग समोरून लाकडाचा ट्रक येतो.

हेल्मेट गावाबाहेर कायद्याने सक्तीचं आहे.

पोचायचं कसं

तेरुएलला वॅलेन्सियाहून ट्रेन आहे पण त्या लाइनवर वर्षानुवर्षं कामं चालूयेत आणि मधेमधे ट्रेनऐवजी बस सोडतात, बसमधे सायकल बॅगेत पॅक असेल आणि डिकीत जागा असेल तरच घेतात. आदल्या आठवड्यात बघून घ्या, तिकीट काढताना सायकलचं वेगळं सांगा.

पण वेळ असेल तर मी म्हणेन ट्रेन सोडा आणि ओखोस नेग्रोसच्या व्हिआ व्हेर्देने वर या. व्हिआ व्हेर्दे म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावर केलेला सायकलरस्ता. ओखोस नेग्रोसच्या खाणीतून लोखंडाचं खनिज वॅलेन्सियाजवळच्या सागुंतोच्या बंदरात नेणारी ही खासगी रेल्वे १९०७ मधे सुरू झाली, १९७२ मधे बंद पडली, आता त्यातला सुमारे १६० किमीचा पट्टा सायकलसाठी आहे, स्पेनमधला सगळ्यात लांब. रेल्वेचा मार्ग असल्याने चढ दोन टक्क्यांच्या आसपास, कुठेही दम लागत नाही पण चढ संपतही नाही, भरलेल्या मालगाड्या खाली यायच्या आणि रिकाम्या वर जायच्या, आणि आपण रिकाम्या गाडीच्या दिशेने. बोगदे आहेत, पूल आहेत, बोगद्यासाठी दिवा ठेवा. पहिला मुक्काम बाराकासच्या आसपास, दुसऱ्या दिवशी एस्कान्दोनची खिंड ओलांडून तेरुएल. ज्यांनी कधी ग्रॅव्हल केलेलं नाही त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही, दोन दिवसांत हात बसतो आणि पाय मोडत नाहीत.

तीन-चार दिवसांचा रूट, मी पाहुण्यांना नेतो तो

तेरुएलमधे एक संध्याकाळ काढा, विटा आणि हिरव्या-पांढऱ्या टाइल्सचे मुदेखार (म्हणजे मुस्लिम धाटणीच्या कारागिरीचे) मनोरे बघा, युनेस्कोच्या यादीत १९८६ पासून आहेत. मोठा सुपरमार्केट शेवटचा इथेच.

पहिला दिवस तेरुएल ते अल्बाराथिन. सरळ रस्ता ३७-३८ किमीचा आहे पण आपण व्हिआ व्हेर्देने आधी सेयाला जायचं, तिथे गावात एक प्रचंड मोठी दगडी कठडा बांधलेली विहीर आहे, पाणी आपोआप वर येतं, आर्टेशियन. सेयाहून खेआकडे वळायचं आणि इथून खरी मजा, कारण या बाजूने रोमनांनी इसवीसनाच्या पहिल्या शतकात डोंगर फोडून कालवा काढलाय, अल्बाराथिनपासून सेयापर्यंत सुमारे २५ किमी, बराचसा बोगद्यातून. खेआजवळ त्याचे काही तुकडे आत जाऊन बघता येतात. सायकल बाहेर टेकवून वाकून आत शिरलात की भिंतीवर छिन्नीचे घाव अजून दिसतात. उन्हात तापलेल्या माणसाला त्या थंड बोगद्यात अर्धा तास बसावंसं वाटतं, बसा, कोणी हाकलत नाही.

अल्बाराथिन हे गुलाबी मातीच्या घरांचं गाव, हजारभर वस्ती, टुरिस्ट भरपूर त्यामुळे इथे जेवण-खोली मिळते. सायकल ढकलूनच न्यावी लागते वरच्या गल्लीत. गावाच्या बाहेर चार-पाच किमीवर पिनारेस दे रोदेनो, लाल वालुकाश्माचं पाइनचं जंगल. मला विचाराल तर अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात देखणं. आकाश निळं, दगड विटेसारखे लाल आणि मधे पाइन, आणि त्या दगडांच्या आडोशाला हजारो वर्षांपूर्वी माणसांनी काढलेली चित्रं, पांढऱ्या रंगात काढलेले बैलसुद्धा आहेत. दगड वालुकाश्माचा म्हणजे रस्त्यावर वाळू, इथे रुंद टायर कामाला येतो.

दुसरा दिवस अल्बाराथिन ते ब्रॉन्चालेस किंवा ओरिउएला देल त्रेमेदाल. हा चढाचा दिवस. साधारण ११७० मीटरवरून १५७० वर, मधे वरखाली वेगळं. सकाळी आठच्या आत निघा. नोगेराच्या बाजूने वर गेलात की झाडं बदलतात, खाली राळेचा रोदेनो पाइन होता, आता पिनो सिल्व्हेस्त्रे येतो, ज्याचं खोड वरच्या अर्ध्या भागात नारिंगी असतं, संध्याकाळी ऊन तिरपं झालं की जंगलाला आतून दिवा लावल्यासारखं दिसतं. आपल्याकडे लहानपणी समुद्रावरच्या सुरूच्या झाडांनाच आम्ही पाइन समजायचो, ती पाइन नव्हेतच, हे मला पस्तिसाव्या वर्षी इथे आल्यावर कळलं. ओरिउएलाजवळ दगडांच्या नद्या आहेत, खरंच नद्या, हिमयुगातल्या थंडीने फुटलेल्या दगडांचे लांबच लांब ओघळ जंगलातून उतरलेत, वर एक झाड नाही. त्यावर सायकल चालवायचा प्रयत्न करू नका, शेजारी थांबून बघायचं.

तिसरा दिवस ओरिउएलाहून ग्रिएगोस (१६०० मीटर, स्पेनमधल्या सगळ्यात उंचावरच्या गावांपैकी), मग ग्वादालाविआर गाव, जिथे माझी ती तुरिया उगम पावते. इथले मेंढपाळ हिवाळ्यात मेंढ्या घेऊन चालत दक्षिणेला आंदालुसियात उतरायचे, अजूनही काही जण जातात, गावात त्याचं छोटं म्युझियम आहे. आपल्या धनगरांचा वाडा जसा पावसाळ्याआधी नि नंतर हलतो तेच गणित, फक्त इथे कारण बर्फ. तिथून फ्रिआस गावाच्या हद्दीत ताखो नदीचा उगम. ताखो म्हणजे पोर्तुगालमधे गेल्यावर तेजो, १००७ किमी वाहत लिस्बनला समुद्रात जाते, आणि १४९७ मधे वास्को द गामाची जहाजं तिच्याच मुखातून निघाली होती. उन्हाळ्यात उगमावर पाणी म्हणाल तर नळ नीट बंद न केल्यासारखं, शेजारी शिल्प मात्र भलंमोठं. महाबळेश्वरला एकाच डोंगरातून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते तसं इथे काही किमीच्या अंतरात ताखो अटलांटिकला आणि ग्वादालाविआर भूमध्यला.

फ्रिआसला मुक्काम करा. मग चौथ्या दिवशी कालोमार्देच्या धबधब्यावरून परत अल्बाराथिन आणि तेरुएल, बराचसा उतार. ज्यांचे पाय अजून शिल्लक आहेत ते ताखोबरोबर खाली आल्तो ताखोच्या दऱ्यांत जाऊ शकतात किंवा मोन्तान्यास वासियास, म्हणजे "रिकामे डोंगर", हा सुमारे ७०० किमीचा बाइकपॅकिंग (सायकललाच बॅगा बांधून करायचा) रूट करू शकतात जो तेरुएलहून निघून हे सगळे प्रदेश फिरून तेरुएललाच येतो, पण त्याला आठ-दहा दिवस काढा, पाच दिवसांत करणारे लोक वेगळ्या मातीचे असतात.

खडीवर चालवायचं कसं

सह्याद्रीत सायकल चालवलेल्याला चढाची भीती नसते, भीती असावी ती उताराची. इथल्या पिस्ता वरून दिसतात गुळगुळीत पण कडक जमिनीवर बारीक खडीचा थर असतो, म्हणजे फरशीवर साबुदाणे पसरल्यासारखं. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडा. हात हँडलच्या खालच्या वाकड्या भागात धरा, तिथून ब्रेकवर जोर कमी लागतो आणि हात निसटत नाही. कोपर सैल, बूड सीटच्या जरा वर आणि मागे, नजर चाकापुढे नाही तर पंधरा-वीस मीटर पुढे. हँडल गच्च आवळलं की सायकल खडीशी भांडते, सैल सोडलं की ती स्वतःच रस्ता काढते, थोडी डगमगेल, डगमगू द्या.

वाळू आली की हलका गिअर, पेडल थांबवायचं नाही, हँडल वळवायचं नाही. पत्र्यासारखे आडवे लहरी रस्ते येतात तिथे कडेची एक हाताची पट्टी बरी असते. पाइनच्या सुयांचा थर दिसायला गालिचा पण खाली मुळं लपलेली असतात आणि ओला असेल तर निसरडा. पाइनचं सुकलेलं फळ पुढच्या चाकाखाली तिरकं आलं की गोट्यावर पाय पडल्यासारखं होतं, त्याकडे बघू नका, बघितलं की तिथेच जातो आपण. आणि गुरं अडवायला रस्त्यात आडव्या लोखंडी सळ्यांची जाळी टाकलेली असते, पासो कानादिएन्से, ती सरळ काटकोनात ओलांडा, सकाळी दवात ओली असेल तर उतरून. फाटक उघडलंत तर मागे बंद करा.

पाणी आणि पोट

आता मुख्य मुद्दा, याच्यासाठी खरं तर लिहायला बसलो. इथे चढ फार मोठे नाहीत, नकाशा सोपा आहे, हवा छान आहे, तरी लोकांची ट्रिप फसते ती खाण्यापाण्यावरून. रूट आखताना किलोमीटर नंतर बघा, आधी प्रत्येक गावातला बार कोणत्या वारी बंद असतो ते बघा. बार म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे, इथे तोच चहाची टपरी, तोच खानावळ, तोच चावडी, कधी ब्रेड विकणारा आणि खोलीची किल्ली देणाराही तोच. छोट्या गावात एकच असतो आणि आठवड्यातून एक दिवस, बरेचदा सोमवारी, बंद. दुकान असेल तर दोन ते पाच बंद, रविवारी दुपारनंतर विसरा.

माझ्या दुसऱ्या ट्रिपला मी सोमवारी दुपारी तीन वाजता एका गावात पोचलो, खिशात एक चिक्की. बार बंद, दुकान नावाची गोष्ट नाहीच, रस्त्यात एक मांजर. पुढचं गाव १८ किमी आणि मधे ४०० मीटर चढ. कारंज्यावर बसलो होतो तर एक आजीबाई खिडकीतून बघत होत्या, पाच मिनिटांनी खाली आल्या, काही न विचारता अर्धा ब्रेड, दोन टोमॅटो आणि चीजचा तुकडा दिला, पैसे घ्यायला तयार नाहीत, वर मला ओरडल्या की सोमवारी कोण येतं इथे. तेव्हापासून मी एक जास्तीचं जेवण कायम बॅगेत ठेवतो. ते खायचं नाही, ते नुसतं असायला हवं.

ब्रेडची गाडी मात्र बऱ्याच गावांत येते, सकाळी जोरजोरात हॉर्न वाजवत, आपल्याकडे पाववाला येतो तशी. हॉर्न ऐकला की चप्पल घालून पळा. रोख पैसे ठेवा, एटीएम सगळीकडे नाही.

शाकाहारी लोकांनी नीट ऐका. "सिन कार्ने" म्हणजे मांसाशिवाय, पण त्यांच्या मते हॅम हे मांसात येत नाही आणि ट्यूना तर नाहीच, त्यामुळे "सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून" असं पूर्ण स्तोत्र म्हणायचं. लसणाच्या सूपमधेही हॅमचे तुकडे निघतात. तेरुएलला हॅमचा फार अभिमान आहे, सरकारमान्य नाव आहे त्याचं, त्यामुळे नको म्हटलं की चेहरा पडतो. अंडं चालत असेल तर काळजी नाही, तोर्तियाचा बोकादियो म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट लांब पावात, ६० किमी त्याच्यावर जातात. अंडंही नको असेल तर टोमॅटो चोळलेला ब्रेड, चीज, ऑलिव्ह, सुकामेवा, आणि घरून आणलेले थेपले-लाडू. मिगास नावाचा पदार्थ मिळाला तर बघाच, शिळा पाव कुस्करून लसूण-तेलात परतलेला, आपला फोडणीचा पावच, फक्त कढीपत्ता नाही. त्यातही सॉसेज घालतात, आधी सांगा. जेवणाची वेळ दोन ते साडेतीन, रात्री नऊ. सहा वाजता जेवण मागितलं तर किचन बंद असतं, चिप्सवर भागवा.

पाणी गावातल्या फुएन्तेवर, दगडी कारंजं, चोवीस तास वाहतं. "नो पोताब्ले" लिहिलं असेल तर पिऊ नका. "सिन त्रातार" किंवा "सिन गारान्तिया सानितारिया" म्हणजे तपासलेलं नाही, गावचे पितात, मी गोळी टाकून पितो. जंगलातले झरे सप्टेंबरपर्यंत आटतात, नकाशावर निळा थेंब दिसला म्हणून भरवसा ठेवू नका. उन्हाळ्यात अंगावर तीन लिटर.

कुत्रे, अळ्या, बंदुका, आग

मेंढ्यांच्या कळपाबरोबर मास्तिन असतो, वासराएवढा कुत्रा. त्याचं काम मेंढ्या राखणं, आपल्याला चावणं नाही, पण वेगाने येणारी सायकल त्याला आवडत नाही. लांबूनच उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्या मधे धरा, हळू चालत कळपाला वळसा घाला, ओरडायचं नाही, दगड उचलायचा नाही (गावाकडच्या कुत्र्यांसाठीची आपली सवय इथे उलटी पडते). मेंढपाळ दिसला तर "ओला" (म्हणजे हॅलो) म्हणा, तो शिट्टी मारतो आणि विषय संपतो.

हिवाळा सरताना, एप्रिलपर्यंत, पाइनवर कापसाच्या गोळ्यासारखी घरटी दिसली तर त्याखाली डबा उघडून बसू नका. प्रोसेसिओनारिया नावाच्या अळ्या, एकीच्या मागे एक अशी दिंडी काढून खाली उतरतात, बघायला गंमत पण केसांनी अंगावर जबरदस्त खाज आणि डोळ्यात गेले तर दवाखाना. संध्याकाळी पायांवर गोचीड बघा.

शरद-हिवाळ्यात सुटीच्या दिवशी रानडुकरांची हाकारा घालून शिकार चालते. रस्त्यावर "बातिदा" असा बोर्ड दिसला तर मागे फिरा, खरंच फिरा, आत बंदुका असतात. शरदात भडक रंगाचं जॅकेट घाला.

आणि आग. जुलै २००५ मधे इथून जवळच ग्वादालाखारा प्रांतात सहलीला आलेल्या लोकांच्या शेगडीतून जंगल पेटलं, ११ अग्निशामक कर्मचारी गेले, सुमारे १३ हजार हेक्टर जळालं. त्यामुळे गॅसचा स्टोव्हसुद्धा उन्हाळ्यात काढू नका, जंगलात चहाचा मोह असेल तर थर्मास न्या. धोका जास्त असलेल्या दिवसांत काही भागात जायलाच बंदी घालतात, सकाळी बारमधे विचारा, त्यांना माहीत असतं. धूर दिसला तर ११२. तंबूचे नियम प्रांताप्रांतात वेगळे आहेत आणि तीन प्रांत इथे एकमेकांना चिकटलेत, म्हणून मी गावातली खोली किंवा आल्बेर्गे (साधं हॉस्टेल) घेतो, आदल्या दिवशी फोन करून. फोनवर स्पॅनिश जमत नसेल तर आधीच्या मुक्कामाच्या मालकाला करायला सांगा, ते आनंदाने करतात आणि अर्धा तास गप्पाही मारतात.

बॅगेत काय

मोबाइलला दऱ्यांत रेंज नसते, जीपीएक्स (रूटची फाइल) आणि नकाशा आधी डाउनलोड करा, पॉवरबँक ठेवा. जंगलात फाट्यांची इतकी गर्दी असते की एक फाटा चुकला तर अर्ध्या तासाने कळतं. रंगाच्या खुणा दिसतात, लाल-पांढरी म्हणजे लांब पल्ल्याची पायवाट, पिवळी-पांढरी छोटी, पण त्या चालणाऱ्यांसाठी आहेत, सायकल घेऊन आंधळेपणाने मागे गेलात तर कधीतरी पायऱ्या लागतील. जूनमधेही १६०० मीटरवर रात्री पाच-सात अंशांपर्यंत उतरतं, पातळ स्वेटर, वाऱ्याचं जॅकेट आणि पूर्ण हातमोजे घ्या. जास्तीचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरणारा तुकडा), चेनची क्विक लिंक, टायर प्लग, एक ट्यूब, पंप. हँगर प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो आणि तो इथल्या गावात मिळणं शक्य नाही, भाड्याच्या दुकानातूनच मागून घ्या.

एक गोष्ट कुठल्या यादीत सापडणार नाही ती म्हणजे खोबरेल तेलाची छोटी बाटली. पाइनला टेकून बसलात की राळ लागते, हाताला, हँडलच्या टेपला, शॉर्ट्सला, आणि ती साबणाने अजिबात निघत नाही, धूळ चिकटून काळी होते. चार थेंब तेल चोळा, मग साबण. टेपला तेल लावलंत तर मात्र साबणाने नीट धुवा, नाहीतर पुढच्या उतारावर हात घसरेल.

परत तेरुएलला आलात की बसमधे चढण्याआधी गाडीच्या धुण्याच्या सेंटरवर नाणं टाकून सायकल धुवून घ्या, प्रेशरचा फवारा बेअरिंगवर थेट मारू नका, आणि चेनला एखादी जुनी बनियन गुंडाळा. ड्रायव्हर डिकी उघडून आधी चाकांकडे बघतो, मग तुमच्याकडे. लाल माती दिसली की जागा नाही म्हणतो.